भिंतीवरची दावी

ओकुदा म्हाताऱ्याचा आणि सुनेत्राचा पहिल्या दिवसापासून छत्तीसचा आकडा होता. एखाद्याशी पटत नाही म्हटलं की काही कारण लागतं, निदान चारचौघांत सांगायला तरी लागतं. या दोघांना तेवढंही लागलं नाही. तिनं गोठ्याच्या दारात उभं राहून, वॉर्ड ऑफिसच्या फुकटच्या वर्गात शिकलेल्या जपानीत, कमरेत वाकून आपलं नाव सांगितलं. त्यानं ते ऐकलं, तिच्या पायांतल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं आणि कोपऱ्यातल्या गमबुटांकडे हनुवटीनं खूण केली. बस. पुढे कितीतरी महिने ती तिथे राबली, पण त्यानं तिला नावानं हाक मारली नाही. तिच्यासाठी "ओई" पुरेसं होतं. गोठ्यातल्या गाईंना मात्र एकेकीला नाव होतं आणि ती नावं तो कधी चुकत नसे.

कोबेमागच्या डोंगरातली ही गोष्ट. पुण्याच्या कंपन्या तेव्हा जपानला माणसं पाठवण्याच्या भरात होत्या. वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट म्हणून सांगायचं आणि तीन वर्षं अडकवायचं, असा कारभार. लक्ष्मीकांत असाच आला आणि मागोमाग बायको सुनेत्रा आणि मुलगी चैत्राली आल्या. कोबेत आपल्याकडची माणसं काही कमी नव्हती. बंदरावर व्यापार करणारी जुनी सिंधी-गुजराती घरं होती, आणि आता आयटीतल्या कुटुंबांचं मराठी मंडळही निघालं होतं. मंडळातल्या बायका दुपारी जमायच्या, कुठला कचरा कुठल्या वारी टाकायचा यावर तासभर बोलायच्या आणि पोरांच्या शाळा सुटायच्या वेळेला उठायच्या. सुनेत्राचा जीव त्यात रमेना. ती सांगोल्याकडची. तिच्या आबांचा गोठा खिलारांचा. आबांच्या कालवडी बाजारात उभ्या राहिल्या की लोक हातातला चहा खाली ठेवून बघायला यायचे. अशा घरात वाढलेली बाई सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत बसून भिंती किती दिवस बघणार? सुपरमार्केटच्या फळ्यावर 'गाईंच्या कामाला माणूस हवा' अशी चिठ्ठी तिला दिसली. ती तिनं अक्षर लावत लावत वाचली आणि त्याच दिवशी फोन केला.

लक्ष्मीकांतनं ऐकलं आणि लॅपटॉप मिटला. एरवी तो लॅपटॉप भूकंप झाला तरी मिटत नसे.

"गाईंच्या गोठ्यात बाइतो, पार्टटाइम नोकरी? कोबेत? अगं, इथल्या गाईंचं पुढे काय होतं ते तुला माहितीय ना?"

"तो मांसाचा गोठा नाही. ते कालवडी वाढवतात, गाभण झाल्या की विकतात. घेणाऱ्याकडे त्या आया होतात."

"आणि त्यांची वासरं? ती काय कॉलेजात जातात?"

उत्तर नसलं की सुनेत्रा दुसऱ्या बाजूनं हल्ला करायची. ती म्हणाली, "अहो, नागोयाच्या क्लायंट डिनरला तुम्ही काय खाल्लंत ते मी विचारलं का कधी? फोटो मला सगळ्यांनी दाखवलाय."

तो विषय तिथेच संपला. म्हणजे बोलणं संपलं, राग नाही. ती रोज सकाळी डोंगराआड जाणाऱ्या छोट्या गाडीनं जायची आणि दुपारी शेणामातीचा वास घेऊन परतायची, आणि तो राग घरात पायपुसण्यासारखा पडलेला असायचा. चैत्राली एकदा शाळेतून आली, दारातच नाक धरून "ममा, कुसाइ!" म्हणाली आणि आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. वास मारतो, एवढाच त्याचा अर्थ. पण पोरीनं तो मराठीत सांगितला असता तर आईला कमी लागलं असतं.

ओकुदाच्या गोठ्यातल्या कालवडी सगळ्या काळ्या, आखूड पायांच्या, अंगानं घट्ट. वर्षाच्या असताना तो त्या घ्यायचा, वाढवायचा, वेळ आली की डॉक्टर बोलावून भरवून घ्यायचा, आणि चांगल्या गाभण झाल्या की नोव्हेंबरच्या बाजारात न्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण गाभण कालवड विकणं म्हणजे नुसती गाय विकणं नव्हे. घेणारा बघतो ती चालते कशी, पाय कसे टाकते, अनोळखी माणसानं कासेला हात लावला तर काय करते. म्हणून तिला रोज खरारा करायचा, रोज उतारावर चालवायचं, खूर साळून घ्यायचे, चारही पाय चौकोनात ठेवून मान वर करून उभं राहायला शिकवायचं. आणि खुराक तोलून घालायचा. सुरुवातीला सुनेत्राला तो तोलून घातलेला खुराक बघवत नसे. तिनं एकदा गुपचूप भुशाची जास्तीची पाटी एका गव्हाणीत ओतली. म्हातारा नेमका मागे उभा होता.

"चरबी चढली की कालवड वितानाच मरते," तो म्हणाला. "तुला मारायचीय का ती?"

त्याचं बरोबर होतं. आबाही हेच म्हणायचे. तो बरोबर आहे हे कळलं म्हणूनच तिला जास्त राग आला.

त्या माणसाची एकच गोष्ट तिला बरी वाटली होती. गोठ्याच्या मागच्या भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि एकेका खिळ्याला एकेक जुना दोर टांगलेला होता. धुऊन, नीट वेटोळं करून ठेवलेले. सकाळी वैरण घालण्याआधी ओकुदा त्या भिंतीपुढे जायचा, डोक्यावरची टोपी काढायचा, क्षणभर उभा राहायचा आणि मग कामाला लागायचा. सुनेत्रानं हे पहिल्या आठवड्यात पाहिलं आणि तिला एकदम माहेरच्या गोठ्यात आल्यासारखं झालं. आबा जनावर विकायचे, पण दावं कधी विकायचे नाहीत. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. तो ते जनावराला बांधतो, मग विकणारा आपलं सोडून घेतो, घरी आणतो आणि खुंटीला टांगतो. दावं दिलं तर गोठ्यातली लक्ष्मी त्याच्या मागोमाग निघून जाते, असं आबा सांगायचे. म्हणजे इथेही तसंच आहे तर, तिनं मनाशी ठरवून टाकलं. हा माणूस सगळाच काही दगड नाही. विचारलं मात्र नाही. काही विचारायला गेलं की म्हातारा कपाळाला अशा आठ्या घालायचा की त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं तिला वाटायचं. त्यानंही आपणहून कधी काही सांगितलं नाही.

त्या वर्षीच्या कालवडींत किकुए नावाची एक होती. लाथाळ म्हणजे किती लाथाळ असावी! तिनं डॉक्टरला लाथ मारली, खूर साळणाऱ्याला मारली, आणि ओकुदाच्या गुडघ्यावर अशी मारली की तो कितीतरी दिवस लंगडत होता. निळा नायलॉनचा दोर पाहिला की ती डोळे पांढरे करायची आणि भिंतीला अंग घासत मागे सरायची. दोनदा भरवली तरी गाभण राहिली नाही. तिसऱ्यांदा राहिली, आणि ज्या दिवशी डॉक्टरनं तपासून तसं सांगितलं, त्याच दिवशी ओकुदानं निकाल देऊन टाकला.

"ओई. हिचं नाव विसर. नोव्हेंबरला रिंगणात शांत उभी राहिली तर आई म्हणून विकीन. नाही तर वासरू झालं की चरबीच्या गोठ्यात."

चरबीचा गोठा म्हणजे काय, ते सुनेत्राला ठाऊक होतं. तिथे जनावराला खाऊ घालून फुगवतात आणि मग खाटकाकडे धाडतात.

"ती नुसती घाबरते," ती म्हणाली. "वाईट नाहीये ती."

"लाथाळ गाईचं रक्त मी माझ्या नावावर विकत नाही."

"ती उभी राहील."

"कोण उभी करणार?"

"मी."

म्हातारा हसला. त्याला हसताना तिनं पहिल्यांदा पाहिलं. न पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून किकुए ही ओकुदाची कालवड राहिली नाही. ती सुनेत्राची झाली. तिला वाचवायचं, हे तर होतंच. पण ते हसणं त्या म्हाताऱ्याच्या घशात परत घालायचं, हेही होतं. दोन्हींतलं जास्त कुठलं, हे तेव्हा तिला कुणी विचारलं असतं तर तिनं विचारणाऱ्यालाच फैलावर घेतलं असतं.

नायलॉनचा दोर ओला झाला की कडक होतो आणि कानामागे काचतो, हे तिनं पहिल्यांदा हेरलं. मऊ दावं हवं. इथे दुकानात मिळणारे सगळे दोर तसलेच. तिनं घरी येऊन कपाट उघडलं आणि दिवाळीला सासूबाईंनी पाठवलेली जांभळी इरकल काढली. सुती, नऊवारीच्या मापाची, एकदाही नेसलेली नव्हती. तिनं तिच्या पट्ट्या फाडल्या आणि आबा वळायचे तसं, दाराच्या मुठीला एक टोक बांधून, पीळ देत देत जाडजूड दावं वळलं. त्याचीच पुढे म्होरकी केली, म्हणजे तोंडाला आणि हाताला एकच दोर.

लक्ष्मीकांत ऑफिसातून आला तेव्हा फरशीवर जांभळ्या सुताचे तुकडे पडले होते.

"ही आईची साडी आहे."

"होती."

"तुला लाज वाटते का गं जरा तरी? तिनं किती हौसेनं पाठवली. आणि तू ती गाईच्या तोंडाला बांधणार? नोव्हेंबरनंतर हे सगळं बंद. ऐकतेयस का? बंद."

"नोव्हेंबरनंतर बघू," ती म्हणाली आणि पीळ देत राहिली.

जांभळं दावं पाहून ओकुदा "चिंध्या" एवढंच म्हणाला. पण किकुएनं ते हुंगलं. सुनेत्रानं ते आधी नुसतं तिच्या गव्हाणीवर टाकून ठेवलं, मग मानेवर, मग काही दिवसांनी तोंडाला चढवलं. कालवड थरथरली आणि उभी राहिली. पुढचे महिने त्या दोघी रोज सकाळी उतारावर चढायच्या आणि उतरायच्या. सुनेत्रा तिच्याशी मराठीत बोलायची. दिवसभरात तिचं मराठी ऐकून घेणारी ती एकटीच होती. बाजारातल्या लाउडस्पीकरची सवय व्हावी म्हणून सुनेत्रानं गोठ्यात रेडिओ मोठ्यानं लावायला सुरुवात केली. ओकुदा येऊन तो बंद करायचा. तो वळला की ती पुन्हा लावायची. यावर दोघांत एक शब्द झाला नाही. रेडिओच काय तो बोलत असे.

मधे गणपती आले. मंडळाचा गणपती एका मोठ्या हॉलमध्ये बसला. सुनेत्रानं न्हाऊन-धुऊन, साडी नेसून मोदकांचं ताट उचललं, तेवढ्यात मंडळाचं सगळं बघणारी वैभवी पुढे झाली आणि तिच्या हातातून ते गोड बोलत काढून घेतलं.

"सुनेत्राताई, तुम्ही बसा ना. आज तुम्ही नका हात लावू."

"का बरं?"

"तसं काही नाही हो. पण लोकांना वाटतं ना. तुमचं ते काम..."

"वैभवीताई, मी गाईचं शेण काढते. गाय कापत नाही. आमच्या गावी शेणानं सारवल्याशिवाय देव बसत नाही."

"अहो, चिडू नका ना. मला काही नाही, लोकांचं म्हणतेय मी."

लोक म्हणजे वैभवीच, हे सगळ्या हॉलला माहीत होतं. सुनेत्रा आरतीला थांबली नाही. आता तिला एकच हवं होतं. किकुए बाजारात उभी राहावी, आई म्हणून विकली जावी, आणि मग या सगळ्यांच्या तोंडावर तिला सांगता यावं, की बघा, ज्या हातांना तुम्ही ताट धरू दिलं नाही त्या हातांनी एक जीव सुरीखालून काढलाय.

नोव्हेंबरच्या बाजाराच्या सकाळी तिनं किकुएला कोमट पाण्यानं धुतलं, टॉवेलनं कोरडं केलं आणि काळं अंग चमकेपर्यंत खरारा केला. पोट आता चांगलं दिसत होतं. ओकुदानं सगळ्या कालवडींना नवे पांढरे दोर बांधले. किकुएकडे आला, जांभळ्या दाव्याकडे पाहिलं, हातातला पांढरा दोर पुन्हा खांद्यावर टाकला आणि पुढे गेला. तेवढाच त्याचा होकार.

बाजार म्हणजे एक मोठं छपराखालचं आवार. मधे लाकडाच्या भुशाचं रिंगण, भोवती पायऱ्यांवर बसलेले घेणारे, प्रत्येकाच्या हाताशी बटण, आणि वर आकडे चढत जाणारा दिव्यांचा फळा. लाउडस्पीकरवरचा माणूस श्वास न घेता बोलत होता. किकुएचा नंबर पुकारला तेव्हा सुनेत्रा तिला घेऊन रिंगणाच्या तोंडाशी आली. त्या सगळ्या आवारात ती एकटी परदेशी बाई, आणि तिच्या हातात एकटं जांभळं दावं. पायऱ्यांवर कुणीतरी हसलंही.

"चल बाई," ती हळूच म्हणाली. "आबांचं नाव राख."

किकुए चालली. रिंगणात आली, सुनेत्रानं दावं किंचित वर धरलं, आणि कालवडीनं चारही पाय एकेक करून जागेवर ठेवले, मान उचलली आणि अशी उभी राहिली की हसणारा गप्प झाला. एक जण उठून आला, त्यानं कासेला हात लावला. तिनं फक्त कान हलवला. फळ्यावरचे आकडे चढत गेले आणि थांबले. उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका माणसानं तिला घेतलं होतं. त्याच्याकडे फक्त आयाच असतात, लाउडस्पीकरवाल्यानं त्याचं नाव आदरानं घेतलं.

सुनेत्रानं ओकुदाकडे पाहिलं. तो कठड्याशी उभा होता. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली आणि दुसरीकडे बघू लागला. तिला वाटलं, बोल ना रे मेल्या, एकदा तरी कबूल कर. पण जाऊ दे. तिच्या छातीत इतका आनंद भरला होता की तिला तो कुठे ठेवावा ते कळेना. ती मनानं घरीसुद्धा पोचली होती. हे दावं न्यायचं आणि घराच्या दाराशी, लक्ष्मीकांत ऑफिसचं ओळखपत्र अडकवतो त्याच खुंटीला टांगायचं. रोज येता-जाता बघू दे त्याला. ओकुदाच्या भिंतीवर नाही, हे माझ्या घरी. गोठ्याची लक्ष्मी वगैरे ती स्वतःला सांगत होती, पण खरं तर तिला ते पदकासारखं हवं होतं.

बाहेर गाड्या लागल्या होत्या. सिमेंटचं आवार नुकतंच पाइपनं धुतलेलं होतं, शेणपाणी उतारावरून वाहत होतं. घेणाऱ्याचा माणूस तिच्याकडे आला. खांद्यावर गुंडाळलेला नवा दोर होता. त्यानं वाकून आभार मानले आणि हात पुढे केला.

सुनेत्राला त्यात काही वेगळं दिसलं नाही. घेणारा आपलं दावं घेऊन आला आहे, आता तो बांधेल. सांगोल्याच्या बाजारात तिनं हे शंभरदा पाहिलं होतं. आधी त्याचं बांधून होऊ द्यायचं, मग आपलं सोडायचं, हेही तिला ठाऊक होतं. पण हात आनंदानं उतावळे झाले होते. तो माणूस अगदी जवळ उभा होता, हात पुढे करून. तिनं किकुएच्या कपाळावर आपलं कपाळ टेकवलं, "जा बाई, सुखात राहा," म्हणाली, आणि गाठ ओढली. म्होरकी सुटून जांभळं दावं तिच्या हातात आलं.

त्या माणसाचा हात तसाच पुढे राहिला. तो हात दाव्याचं टोक घ्यायला आला होता. खांद्यावरचा दोर गाडीच्या फळीला बांधायचा होता.

पलीकडे कुठल्यातरी ट्रकची मागची फळी धाडकन पडली. किकुए दचकली, मान झटकली आणि तोंडाला काहीच नाही हे तिला कळलं. ती पळाली. सुनेत्रा ओरडली, मराठीत ओरडली, "किकुए, थांब गं!" उताराच्या ओल्या सिमेंटवर कालवडीचे मागचे पाय दोन बाजूंना फाकले आणि ती पोटावर आपटली. तिनं उठायचा प्रयत्न केला. पुढचे पाय उठले. मागचे उठले नाहीत.

"दोर कशाला सोडलास?" घेणाऱ्याचा माणूस किंचाळला. "दोर गाईबरोबर जातो! दोर कोणी सोडतं का?"

बाजाराच्या डॉक्टरनं येऊन खुबा चाचपला आणि मान हलवली. सांधा निखळला होता, आतलं हाडही गेलं होतं. इतक्या वजनाची गाभण कालवड पुन्हा उभी राहत नाही. बाजाराच्या कचेरीतून कुणीतरी खाटिकखान्याला फोन लावला.

सुनेत्राला वाटलं, आता म्हातारा आपल्याला मारेल. मारावं, असंही तिला वाटलं. पण ओकुदा तिच्याकडे आलाच नाही. तो त्या उत्तरेकडच्या माणसापुढे गेला, टोपी काढली आणि कमरेत इतका वाकला की त्याचं टक्कल सगळ्या आवाराला दिसलं. "माझ्या गोठ्यातल्या माणसाची चूक," तो म्हणाला. "म्हणजे माझी. व्यवहार झाला नाही असं समजा." तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

मग तो किकुएपाशी आला. ती मान आपटत होती, डोळे पांढरे झाले होते.

"ओई. तुझा दोर बांध. नाही तर ती अशीच तडफडेल."

सुनेत्रा शेणपाण्यात बसली आणि तिनं म्होरकी पुन्हा चढवली. गाठ घट्ट मारली. किकुएनं जांभळं सूत हुंगलं आणि जबडा तिच्या मांडीवर टेकवला. तिला वाटलं असेल, आता चालायला जायचं. सुनेत्रा तिच्या कानामागे खाजवत राहिली आणि रडत राहिली. ती आपल्यासाठी रडतेय की कालवडीसाठी, हे आता विचारायला कुणी नव्हतं. दुसरी गाडी आली, खाटिकखान्याची. त्यांनी किकुएला फळीवर ओढून घेतलं आणि दावं तिच्याबरोबर गेलं.

घरी लक्ष्मीकांतनं विचारलं, "झालं का एकदाचं? गेली?"

"गेली."

"सुटलो बाबा," तो म्हणाला आणि लॅपटॉप उघडला.

सोमवारी ती गोठ्यात गेली. जाऊ नये असं वाटत होतं, पण न जाणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं. ओकुदा मागच्या भिंतीपाशी उभा होता. त्याच्या हातात जांभळं दावं होतं. धुतलेलं, वाळवलेलं, नीट वेटोळं केलेलं. त्यानं ते तिच्यापुढे धरलं.

"टांग."

तिनं भिंतीकडे बोट केलं आणि मोडक्या जपानीत म्हणाली, "हे विकलेल्या गाईंचे. आमच्याकडे पण असंच. विकलेल्या गाईचा दोर घरी ठेवतात. म्हणून मी..."

म्हाताऱ्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं. आल्या दिवसापासून त्यानं असं तिच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

"विकलेल्यांचे दोर त्यांच्याबरोबर गेले," तो म्हणाला. "हे खाटकाकडून परत आलेले आहेत."

सुनेत्रानं भिंत पुन्हा पाहिली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. रोज सकाळी ती घमेलं घेऊन याच भिंतीपुढून गेली होती, आणि तिला बरं वाटलं होतं.

"तुम्ही सांगितलं नाहीत," तिच्या तोंडून निघालं.

"तू विचारलं नाहीस."

दोघंही खरं बोलत होती. तरी माफी कुणीच मागितली नाही, आणि मागून काय होणार होतं? त्यानं खिशातून खिळा काढला आणि हातोडी तिच्या हातात दिली. पहिला खिळा वाकला. त्यानं दुसरा दिला. ती तो ठोकत असताना म्हातारा नुसता बघत राहिला, हात लावला नाही. खिळा बसला. तिनं दावं टांगलं. करड्या पडलेल्या दोरांच्या रांगेत सासूबाईंची इरकल लांबूनही ओळखू येत होती.

"उद्या येऊ?" तिनं विचारलं.

"नको."

ओकुदानं टोपी काढली आणि भिंतीपुढे उभा राहिला. त्याच्या शेजारी जागा होती. सुनेत्राला तिथे जाऊन उभं राहायचं होतं, पण पुढे पाऊल टाकायची तिची छाती झाली नाही. तिनं गमबूट काढून कोपऱ्यात ठेवले आणि आपले पांढरे बूट पायात घातले.